चौदा ते एकवीस

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या दुपारच्या कार्यक्रमात एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण.)

कुणी भांडी आवरून टेकला असाल, कुणी शिलाई मशिनवर बसल्या बसल्या ऐकत असाल, कुणी मोबाइल बांधावर ठेवून भांगलत असाल. हात चालू राहू द्या. कान तेवढे इकडे द्या.

मी एकतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. आज मात्र बोलणार आहे हॉकीवर. भूगोलाच्या बाईंना हॉकीतलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. कसं कळायला लागलं ते पुढं सांगतेच. आधी एका रविवारची गोष्ट ऐका.

११ जून २०२३. आठवतो का तो रविवार? लंडनला क्रिकेटच्या कसोटी अजिंक्यपदाचा शेवटचा दिवस होता. घराघरांत टीव्ही लावलेले होते. आपण ऑस्ट्रेलियाकडून हरलो आणि सगळी गल्ली तोंड पाडून बसली. त्याच दिवशी तिकडं जपानमधल्या काकामिगाहारा नावाच्या गावात आपल्या मुली ज्युनिअर आशिया कपची फायनल खेळत होत्या. हॉकीची. समोर दक्षिण कोरिया. हा कप आधी चार वेळा जिंकलेला संघ. आपल्या मुलींनी तो कधीच जिंकला नव्हता. २०१२ मध्ये बँकॉकला फायनलपर्यंत गेल्या होत्या, तेव्हा चीननं ५-२ नं हरवलं होतं.

माझ्या नातवानं मोबाइलवर स्कोअर काढून दिला. बावीसाव्या मिनिटाला आपल्या अन्नूनं पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला. पेनल्टी स्ट्रोक म्हणजे समोर फक्त गोलकीपर, मध्ये सहा-साडेसहा मीटरचं अंतर, आणि सगळं मैदान तुमच्याकडं बघत उभं. तीनच मिनिटांत कोरियानं बरोबरी केली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला नीलमनं पेनल्टी कॉर्नरवर दुसरा गोल मारला. हॉकीचा सामना साठ मिनिटांचा असतो, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग. म्हणजे अजून एकोणीस मिनिटं राहिली होती. ती एकोणीस मिनिटं त्या पोरींनी एका गोलाची आघाडी सांभाळली. २-१. भारताच्या मुलींचा पहिला ज्युनिअर आशिया कप.

आता आपल्या भागातल्या बायांनी अभिमानानं सांगावी अशी गोष्ट. या स्पर्धेतली आपली पहिली मॅच होती उझबेकिस्तानशी. ती आपण २२-० अशी जिंकली. त्यातला पहिला गोल, म्हणजे त्या सबंध स्पर्धेतला भारताचा पहिला गोल, तिसऱ्या मिनिटाला कुणी मारला? वैष्णवी विठ्ठल फाळके हिनं. आपल्या सातारा जिल्ह्याची, फलटणकडची पोर. त्याच संघात ऋतुजा पिसळ होती, तीही महाराष्ट्राचीच. तिनं चिनी तैपेईविरुद्ध गोल केला. लखनौची मुमताज खान होती. तिचे आईवडील भाजीची गाडी लावतात. कर्णधार प्रीती सोनीपतची. सेमी फायनलला यजमान जपानविरुद्ध एकुलता एक गोल मारणारी सुनेलिता टोप्पो ओडिशाची. वेगवेगळ्या मुलखांतल्या, वेगवेगळ्या बोलींच्या मुली.

आणि हे एकदाच जमलं असंही नाही. पुढच्या वर्षी डिसेंबरात मस्कतला पुन्हा हाच कप होता. गटातल्या मॅचमध्ये चीननं आपल्याला २-१ नं हरवलं. आठवड्याच्या आत त्याच चीनशी फायनल आली. १-१ अशी बरोबरी झाली, मग शूटआउट. शूटआउटमध्ये एकेक खेळाडू चेंडू घेऊन निघते, तिला आठ सेकंद मिळतात, समोर एकटी गोलकीपर. आपली गोलकीपर होती निधी. तिनं तीन वेळा चेंडू अडवला. कप पुन्हा आपल्याकडं.

मैत्रिणींनो, मला आज जे बोलायचं आहे ते मात्र कपाबद्दल नाही. ज्युनिअर या शब्दाबद्दल आहे. या स्पर्धेत ज्युनिअर म्हणजे एकवीस वर्षांखालची. मैदानावर आपल्याला अठरा-एकोणीस-वीस वर्षांच्या मुली दिसतात. मी भूगोलाची बाई, मला नकाशावर वाट शोधायची सवय. मी या मुलींची वाट मागं मागं शोधत गेले आणि चौदाव्या वर्षाशी येऊन थांबले. कारण आपल्याकडं बहुतेक मुलींचा खेळ तिथंच थांबतो. आणि तो कसा थांबतो हे मला चांगलं माहीत आहे. एकीचा मीच थांबवला होता.

साधारण २००० सालची गोष्ट. आमच्या शाळेत मुलींची हॉकी टीम होती. बाहेरगावी मॅचला जाताना सोबत बाई पाहिजे, असा नियम. बाकीच्या बायकांची लेकरं लहान, म्हणून मुख्याध्यापकांनी मला पाठवलं. मला तेव्हा गोल कशाला म्हणतात तेवढंच ठाऊक. मैदान मुरमाचं. पडलं की गुडघा सोलून निघायचा. स्टिका सहा आणि मुली अकरा, त्यामुळं सरावाला निम्म्या मुली वाट बघत बसायच्या. शिनगार्ड कुठले? पुठ्ठे कापून मोज्यात घालायच्या. मॅचच्या दिवशी दुसऱ्या शाळेकडून स्टिका मागून आणायच्या.

त्यात एक मुलगी होती. नाव सांगत नाही, ती हे ऐकत असेल. सेंटर हाफला खेळायची. वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणारी पोर, पण मैदानावर तिचा आवाज शेवटपर्यंत ऐकू यायचा. कुणी कुठं उभं राहायचं, कुणाला पास द्यायचा, हे ती सांगायची आणि मोठ्या मुली ऐकायच्या. नकाशा म्हणजे काय हे मी तिला वर्गात शिकवू शकले नाही, पण मैदानाचा नकाशा तिच्या डोक्यात पक्का होता. नववीच्या शेवटी तिची विभागीय निवड झाली. उन्हाळ्यात पंधरा दिवसांचं शिबिर होतं.

तिची आई शाळेत आली. खुरपणीवरून तशीच आलेली, पायाला माती. म्हणाली, “बाई, पाठवू का?”

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “दहावीचं वर्ष आहे. आता खेळ पुरे. खेळून काय पोट भरणार आहे?”

आईनं मान डोलावली. त्या काळी बाई म्हणाल्या म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं शाळेची स्टिक आणून स्टाफरूमच्या कपाटामागं उभी केली आणि माझ्याकडं न बघता निघून गेली. मला वाटलं, मी पोरीचं भलं केलं. दहावीला तिला त्रेपन्न टक्के पडले. खेळली असती तर कमी पडले असते की जास्त, देव जाणे. बारावीनंतर लग्न झालं.

मी ही गोष्ट विसरले होते. खरंच विसरले होते. नाही म्हणणाऱ्याच्या ते लक्षात राहत नाही.

गेल्या महिन्यात दुपारी दार वाजलं. ती उभी होती. सोबत तेरा वर्षांची मुलगी, हातात हॉकी स्टिक. पाणी झालं, चहा झाला, आणि मग तिनं विचारलं, “बाई, हिला क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीला बोलावलंय. निवड झाली तर घर सोडून राहावं लागेल. पाठवू का?”

तेच शब्द. तिच्या आईचे. मला कपाटामागची ती स्टिक दिसली. मी म्हणाले, “तू मला कशाला विचारतेस गं? मी तुला चुकीचं सांगितलं होतं.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाई, तुम्ही हो म्हणाला असता तरी घरी नाहीच म्हणाले असते कदाचित. पण घरचं नाही मी विसरले. तुमचं नाही विसरता आलं. तुम्ही मला खेळताना बघितलं होतं ना.”

मैत्रिणींनो, त्यावर मला काही बोलता आलं नाही. म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

चौदा ते एकवीस ही सात वर्षं असतात. जपानमध्ये कप उचलणाऱ्या प्रत्येक पोरीच्या मागं ही सात वर्षं आहेत, आणि त्या सात वर्षांत कुणीतरी रोज सकाळी हो म्हटलेलं आहे. एकदा हो म्हणून भागत नाही. पाळी सुरू झाली की पुन्हा विचारावं लागतं. दहावी आली की पुन्हा. पाव्हणे म्हणाले, “पोरगी काळी पडली की,” की पुन्हा. स्थळ आलं की पुन्हा. कोच शिकवतो, सरकार मैदान देतं, पण हे रोजचं हो घरातूनच यायला लागतं.

आता तुम्ही आईच्या जागी बसून जे विचाराल, त्यातलं मला कळतं तेवढं सांगते.

पहिलं, अभ्यास. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत असते. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. नियम बदलत असतात, म्हणून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन स्वतः विचारा आणि प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली तर राहणं, जेवण आणि प्रशिक्षण सरकारकडून होतं.

दुसरं, पाळी. पाळी आली म्हणून खेळ सोडायचं कारण नाही. पोट दुखत असेल त्या दिवशी बसू दे, बरं वाटलं की पळू दे. फार दुखत असेल किंवा अंगावरून जास्त जात असेल तर डॉक्टरीणबाईंना दाखवा. पिशवीत पॅड आणि एक जादा चड्डी कायम असू द्या. आणि मैदानावर संडास आहे का, त्याला कडी लागते का, हे आईनं एकदा जाऊन बघावं. लाजू नका. मी सोबत जायची तेव्हा सगळ्यात जास्त भांडण याच गोष्टीवरून केलं आहे.

तिसरं, खाणं. दीड तास पळणाऱ्या पोरीला भावापेक्षा अर्धी भाकरी कमी चालणार नाही. महागडे डबे नकोत. शेंगदाणे, गूळ, भिजवलेले हरभरे, मटकी, पालेभाजी, चालत असेल तर अंडं. पण पोटभर. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं नव्हे.

चौथं, भीती. परगावी पाठवताना सोबत बाई आहे का, मुक्काम कुठं आहे, फोन कुणाचा लागेल, हे विचारण्याचा तुम्हाला पुरा हक्क आहे. नीट उत्तर मिळालं नाही तर पाठवू नका, हेही मी सांगेन. पोरीला मात्र बजावून ठेवा की कुणी नकोसं वागलं तर पहिल्यांदा आईला सांगायचं, आणि सांगितलं म्हणून तुझा खेळ बंद होणार नाही. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. खेळ बंद होईल या भीतीनं मुली गप्प बसतात.

पाचवं, खर्च. शिनगार्ड आणि दातांचं माउथगार्ड यांत काटकसर करू नका. स्टिक जुनी चालेल, दात पुन्हा येत नाहीत.

आणि एक गोष्ट खरी सांगते, नाहीतर पुन्हा चुकीचं सांगितल्यासारखं होईल. सगळ्या पोरी जपानला जाणार नाहीत. जिंकलेल्यांचंही नेहमी सोपं नसतं. आशिया कप जिंकला त्याच वर्षी चिलीला ज्युनिअर वर्ल्ड कपमध्ये आपल्या मुलींचा नववा नंबर आला. तेव्हा कप येईल म्हणून पाठवू नका. ती मैदानावर मोठ्यानं बोलते म्हणून पाठवा. घरात जिचा आवाज ऐकू येत नाही, ती तिथं अकरा जणींना हाका मारते, हे तुम्ही एकदा जाऊन बघा. आपल्यापैकी किती जणींनी आपल्या लेकीला खेळताना बघितलं आहे? डबा दिला, कपडे धुतले. बघितलं कधी?

चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. निवड होईल की नाही मला ठाऊक नाही. मी दोघींच्या सोबत जाणार आहे. सोबत बाई पाहिजे ना.

येते मी. नमस्कार.