केळकरांची राणी, एव्हन्स्टन आणि आपण

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या वाचन मंडळात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज बोलण्यासाठी मी एक इंग्रजी कादंबरी निवडली आहे. अनुराधा राजूरकर यांची 'अमेरिकन बेटिया'. 2021 साली ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिकडे 'यंग अ‍ॅडल्ट' नावाचा एक मोठा साहित्यप्रकार आहे, म्हणजे साधारण आपल्या दहावी-बारावीच्या वयातल्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या. ही त्यातलीच. मंडळातल्या काही जणांनी मला विचारलं, शिकागोजवळच्या एका शहरातल्या पोरीची प्रेमकथा आपण कशाला वाचायची? प्रश्न रास्त आहे. त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आधी गोष्ट थोडक्यात. राणी केळकर इलिनॉय राज्यातल्या एव्हन्स्टनमध्ये राहते. आई-वडिलांशी ती कधी खोटं बोललेली नाही. मग तिला ऑलिव्हर भेटतो. अंगावर टॅटू, चित्रकलेचं वेड, बोलण्यात मोहिनी. आईला हा मुलगा पसंत पडणं शक्यच नाही, म्हणून चोरून भेटी सुरू होतात. ऑलिव्हरच्या घरचं सगळं विस्कटत जातं, तसा तो राणीकडून तिला देता येईल त्यापेक्षा जास्त मागू लागतो. तिच्या जगात शिरण्यासाठी आटापिटा करतो. पुढे एका उन्हाळ्यात राणी पुण्याला येते आणि या पहिल्या प्रेमाकडे लांबून बघायला शिकते.

या पुस्तकातला एक प्रश्न मला फार खरा वाटतो. समोरच्याला मी आवडते, की माझं 'भारतीय' असणं आवडतं? मी माणूस आहे की नमुना? विद्यापीठातल्या वर्गात 'तुमच्या समाजाचं याबद्दल काय मत आहे' असं ज्यांना भर तासात विचारलं गेलंय, त्यांना हा प्रश्न नवा नाही. घरी कॉलेज लपवायचं आणि कॉलेजात घर लपवायचं, ही कसरतही आपण सगळ्यांनी केली आहे. दोन जगांमध्ये वाढायला समुद्र ओलांडावा लागत नाही. वाडीतून वसतिगृहात आलं तरी पुरतं.

इथपर्यंत राणी आपली मैत्रीण आहे. आता तिच्या आडनावाकडे या.

अमेरिकन वाचक 'केळकर' वाचतो आणि त्याला 'इंडियन' एवढंच ऐकू येतं. आपल्याला किती वेळ लागतो? एक सेकंद. कोकणस्थ ब्राह्मण, आणि त्यात पुणं. म्हणजे कुठले सण, कुठलं जेवण, कुठल्या तऱ्हेचं मराठी, याचा अंदाज आपण पुस्तक उघडण्याआधीच बांधलेला असतो. शीर्षकातला 'बेटिया' हा शब्द तर हिंदी. पुण्याच्या केळकरांच्या घरात लेकीला सहसा कुणी बेटिया म्हणणार नाही. पण अमेरिकेत गेल्यावर भाषा, प्रांत, जात सगळं एका पिशवीत जातं आणि पिशवीवर चिठ्ठी लागते 'भारतीय संस्कृती'. आपण विचारायचं ते इथे. ही चिठ्ठी लावताना पिशवीत कुणाचं घर आलं आणि कुणाचं बाहेर राहिलं?

हे एका लेखिकेवर ढकलून चालणार नाही. तिने तिला माहीत असलेलं घर लिहिलं, आणि लिहावंच. 2002 साली तनुजा देसाई हिदियर यांची 'बॉर्न कन्फ्यूज्ड' आली. 'अमेरिकन बॉर्न कन्फ्यूज्ड देसी' या टोमण्यावरून तिचं नाव आलेलं आहे. तेव्हापासून अशा कादंबऱ्यांची रांग लागली आहे. या रांगेत आपली पोरं जवळपास दिसत नाहीत, याचं कारण इमिग्रेशनच्या कायद्यात शोधावं लागतं. 1965 साली अमेरिकेने देशवार कोटा रद्द केला आणि शिकलेल्या, कौशल्य असलेल्या लोकांना दार उघडलं. डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ गेले. 1965 साली भारतात डॉक्टर आणि इंजिनिअर कोण होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्यातल्या बहुतेकांचे आजोबा तेव्हा सही करायला शिकत होते.

कार्नेगी एन्डाउमेंट या संस्थेने 2020 साली भारतीय अमेरिकनांचं सर्वेक्षण केलं, त्याचा अहवाल 2021 मध्ये आला. तिथल्या हिंदूंपैकी साधारण निम्म्या लोकांनी आपण एखाद्या जातीचे आहोत असं सांगितलं, आणि त्यांतल्या दहापैकी आठांहून जास्त जणांनी स्वतःला खुल्या किंवा उच्च जातीत धरलं. यातला दुसरा आकडा आजच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. अमेरिकेबाहेर जन्मलेल्यांपैकी 53 टक्के जात सांगतात, तर अमेरिकेत जन्मलेल्यांपैकी 34 टक्के. म्हणजे राणीच्या पिढीत जात सांगणारे कमी झाले. आनंद मानायचा का? थोडा मानू. पण जात न सांगणं आणि जात नसणं यात फरक आहे. ज्याला जातीने कधी अडवलं नाही, त्याला ती विसरता येते. मी विद्यापीठात असताना आडनाव विचारलं की गावाचं नाव सांगून विषय बदलायचे. तेही जात न सांगणंच होतं. दोन्हींची किंमत सारखी नाही.

चोरून प्रेम करण्याचंही तसंच आहे. राणीला भीती आहे ती आईच्या रागाची, घरातल्या अबोल्याची. ती भीती खोटी नाही, मुलीच्या जातीला ती सगळीकडे असतेच. पण तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात 2014 साली 17 वर्षांच्या एका दलित मुलाला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारून टाकलं. तोही राणीच्याच वयाचा. त्याच्या वाट्याला दोन संस्कृतींमधला गोंधळ आलाच नाही. 'संस्कृतींचा संघर्ष' हा शब्द आपण जपून वापरायचा तो यासाठी.

आता राणीच्या गावाबद्दल. ही कादंबरी मार्च 2021 मध्ये आली. त्याच महिन्यात, 22 मार्चला, एव्हन्स्टनच्या नगर परिषदेने 8 विरुद्ध 1 मतांनी एक ठराव केला. शहरातल्या कृष्णवर्णीयांना घरांच्या बाबतीत पिढ्यान् पिढ्या भेदभाव सोसावा लागला, त्याची भरपाई द्यायची. 1919 ते 1969 या काळात तिथे राहिलेले कृष्णवर्णीय किंवा त्यांचे थेट वंशज यांना घर घेण्यासाठी, दुरुस्तीसाठी किंवा कर्ज फेडण्यासाठी 25,000 डॉलरपर्यंत रक्कम. पैसा कुठून? गांजाच्या कायदेशीर विक्रीवरच्या करातून. असं करणारं अमेरिकेतलं ते पहिलं शहर मानलं जातं. तिथल्या कृष्णवर्णीयांना शहराच्या पश्चिमेकडच्या एका वॉर्डात कोंडलं गेलं होतं. बँका तिथे कर्ज देत नव्हत्या, इतर भागांत घर मिळत नव्हतं. गावकुसाबाहेर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात सांगावं लागत नाही, त्यांना एव्हन्स्टनचा नकाशा लगेच कळतो.

म्हणजे बघा, 'अमेरिकन संस्कृती' म्हणून ज्या शहराकडे आपण बघतो, त्यालाही वेस होती. आणि ज्या पुण्यात राणी उन्हाळा घालवते, ते पुणं ताडीवाला रोडवरच्या वस्तीतल्या पोरीचंही आहे. भारतीय आणि अमेरिकन अशा दोन रंगांत जग वाटून टाकलं की या दोन वेशी दिसेनाशा होतात. आपण त्या दिसत ठेवायच्या. आपल्या वाचनाचं काम ते.

याच पुण्यातून अमेरिकेकडे एक जुना रस्ता जातो, आणि तो आपला आहे. 1873 साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झटून काम केलं. जोतीराव अमेरिकेला गेले नव्हते. त्यांनी पुण्यात बसून ओळखलं की तिकडच्या गुलामाचं आणि इकडच्या शूद्रातिशूद्राचं दुखणं नात्यातलं आहे. 1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, वय 22. 9 मे 1916 रोजी त्यांनी तिथे जातींवरचा निबंध वाचला. त्यात त्यांनी श्रीधर व्यंकटेश केतकरांचा हवाला देऊन इशारा दिला की हिंदू जगात इतरत्र गेले तर जातीचा प्रश्न जगाचा प्रश्न होईल. त्यानंतर जवळपास 107 वर्षांनी, 21 फेब्रुवारी 2023 रोजी, सिअ‍ॅटल शहराला जातिभेदावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. मधल्या काळात, 1946 साली, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांपुढच्या अर्जाची प्रत मागितली. 1972 साली मुंबईत पोरांनी संघटना काढली आणि नाव घेतलं ब्लॅक पँथरवरून. भारत आणि अमेरिका यांच्या मधोमध उभं राहण्याचा आपला इतिहास दीडशे वर्षांचा आहे. त्यात गोंधळ कमी आणि हिशेब जास्त आहे.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे 'बलुतं' आहे, 'उपरा' आहे, 'जिणं आमुचं' आहे. त्या पुस्तकांनी आपल्याला उभं केलं. पण आत्मकथन लिहिणारा माणूस कुठेतरी पोचलेला असतो आणि मागे वळून बघत असतो. किशोरवयीनांची कादंबरी वाटेत असलेल्या पोरीची असते. पुढे काय होणार हे तिला माहीत नसतं, आणि तिच्याच वयाची वाचणारी पोरगी तिच्याबरोबर चालत असते. एव्हन्स्टनच्या पोरीला तशी सोबत मिळाली. दहावीनंतर तालुक्याला खोली घेऊन राहणाऱ्या, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर जात लिहिताना शेजारच्या बाकाकडे बघणाऱ्या, घरी फोनवर एक भाषा आणि मेसमध्ये दुसरी बोलणाऱ्या आपल्या पोरीसाठी असं पुस्तक कुठे आहे?

तुमच्यातले कुणी हैदराबादला शिकताहेत, कुणी दिल्लीला, कुणी परदेशी जायच्या तयारीत आहेत. तुमच्या घराने पदवी पहिल्यांदा पाहिली ती तुमच्या हातात. ते वय तुम्हाला अजून नीट आठवतं आहे, दहा वर्षांनी इतकं लख्ख आठवणार नाही. 'अमेरिकन बेटिया' जरूर वाचा, मनमोकळेपणाने वाचा. आणि मग वही उघडा. नायिकेला आडनाव द्या. अमेरिकेतल्या वाचकाला ते वाचून लगेच कळणार नाही, तर कळू नये. त्याला थोडं शोधू द्या. आपण त्यांचं सगळं शोधून वाचलंच ना?

जय जोती, जय सावित्री, जय भीम.