आबांना ऐकू न येणारा एपिसोड

आज पाहुणा नाही, सुरुवातीचं म्युझिकही नाही. मी एकटाच आहे आणि माझ्या आजोबांबद्दल बोलणार आहे. मागच्या मार्गशीर्षात ते गेले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

आपल्या प्रत्येक एपिसोडचं लिखाण ब्लॉगवर का टाकतोस, असं बरेच जण विचारतात. आजवर मी 'सर्चमध्ये सापडावं म्हणून' असं उत्तर देत आलो. खरं कारण आबा. नातू काहीतरी बोलतो आणि लोक ते ऐकतात, एवढं त्यांना कळलं होतं, पण त्यांना ऐकू यायचं नाही. शाळा चौथीपर्यंत झालेली, वाचता मात्र छान यायचं. म्हणून पहिला एपिसोड त्यांच्यासाठी टाइप केला. मोबाइलवर अक्षरं मोठी करून, एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांनी तो वाचला. दोन दिवस लागले. मग म्हणाले, "एवढं बोलतूस? घसा दुखत न्हाई?"

आबा सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातले. १९५९ साली चुलत्याच्या ओळखीने मुंबईत आले आणि लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. बदली म्हणजे काय, तर रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी परत. आपल्याकडे 'बेंचवर' असणाऱ्याला निदान पगार मिळतो. आबा सात वर्षं असे गेटवर उभे राहिले, मग कायम झाले. खातं विणकामाचं, गिरणीच्या भाषेत साचेखातं. साचा म्हणजे माग. आधी दोन साचे सांभाळायचे, पुढे चार.

साचेखात्याचं त्यांनी केलेलं वर्णन मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलंय. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून आत मुद्दाम दमट ठेवायचे. खिडक्या बंद. मुंबईचा मे महिना, त्यात ही वाफ. आणि धोटा! धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळणारं लाकडी हत्यार, टोकांना लोखंड लावलेलं. जुन्या मागावर तो मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्या मारायचा आणि प्रत्येक फेरीला दणका. असे शेकडो माग एका छपराखाली. शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. मग कामगार ओठांवरून ओळखायचे. 'चहा', 'जॉबर आला', 'पोरगा झाला', सगळं ओठांनी आणि हातांनी. आपला माग बिघडतोय हेही आबा कानाने नाही, चौकटीवर हात ठेवून ओळखायचे.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. अमेरिकेतल्या नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करत जायचा. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. धोट्याच्या मागांच्या शेडमधला आवाज त्याच घरातला असतो. आबांची पाळी आठ तासांची होती, आणि अशी तेवीस वर्षं. (तुम्ही लोकलमध्ये हेडफोनचा आवाज फुल करून हे ऐकत असाल तर प्लीज थोडा कमी करा. सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

अशा आवाजाने गेलेला कान सगळाच बंद होत नाही, हे मला खूप उशिरा कळलं. आधी वरच्या फ्रिक्वेन्सी जातात, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास. माणूस बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते कळत नाही. स, श, त, क असली अक्षरं गळतात. बायकामुलांचे बारीक आवाज सर्वांत अवघड जातात. म्हणजे आमच्या घरात आबांना सर्वांत कमी कळत होतं ते माझं आणि आजीचं.

मला लहानपणी वाटायचं की आबांना मी आवडत नाही. मी काही सांगायला गेलो की ते जोरात "काय?" म्हणून खेकसायचे. शाळेतलं बक्षीस दाखवायला गेलो, तेव्हाही तेच. मी पळून आजीच्या पदरात. आजी म्हणायची, "त्यांचा आवाजच तसा आहे रे." आवाज तसा का आहे, हे कोणी सांगितलं नाही. घरात तो विषयच नव्हता. गिरणीत गेलेल्या माणसाला ऐकू कमी येणार, यात सांगण्यासारखं काय आहे!

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला. आबा शेवटपर्यंत आत गेले नाहीत, आणि नंतर जायचं ठरवलं तेव्हा त्यांना घेतलं नाही. त्या वर्षी आबा बेचाळीस वर्षांचे होते, माझे पप्पा चौदा वर्षांचे. आजीने सहा माणसांची खानावळ चालवली. पण जेवणारेही संपवालेच, पैसे कुठून देणार? दिवाळीनंतर पप्पांनी नववीतून शाळा सोडली आणि एका छापखान्यात बायंडिंगला लागले. पुढे रात्रशाळेतून दहावी केली, ऑफसेट मशीन शिकले आणि त्याच मशीनवर मला बीटेक केलं. पण ते पुढचं झालं.

शाळा सोडायचं ठरवलं ती रात्र पप्पांनी मला एकदाच सांगितलीय. चाळीतली खोली दहा बाय बारा, पुरुषमंडळी बाहेर गॅलरीत झोपायची. पप्पा कठड्याशी बसले आणि म्हणाले, "आबा, मी उद्यापासून शाळेत जात नाही. काम बघितलंय." आबा "हं" म्हणाले आणि कूस बदलली. बस्स. पप्पा हुशार होते, गणितात वर्गात पहिले. बापाने एकदा तरी नको म्हणावं, निदान रागवावं, एवढीच अपेक्षा होती. त्या 'हं'ची अढी त्यांच्या मनात चाळीस वर्षं राहिली. दोघं एका घरात राहिले, एका ताटलीत भजी खाल्ली, पण पप्पांनी आबांना मनातलं असं पुन्हा काही सांगितलं नाही.

संपानंतर आबा दादरला एका सोसायटीत रात्रीचे वॉचमन झाले. ऐकू न येणारा वॉचमन! यावर ते स्वतःच हसायचे. खुर्ची गेटला चिकटवून, एक हात गजावर ठेवून बसायचे. कोणी गेट हलवलं की हाताला कळायचं. अशी अठरा वर्षं काढली. चोरी एकदाही झाली नाही, हे मात्र छाती पुढे काढून सांगायचे.

कोविडमध्ये सगळ्यांच्या तोंडाला मास्क आले आणि आबा एकदम एकटे पडले. ओठच दिसेनात. एकदा तपासणीला नेलं, डॉक्टर तीनदा काहीतरी विचारत होते आणि आबा माझ्याकडे बघत होते, हरवलेल्या पोरासारखे. त्यानंतर २०२१ मध्ये मी त्यांची कानाची तपासणी करून घेतली. ऑडिओग्रामची रेघ उजवीकडे कड्यावरून पडावी तशी कोसळलेली. श्रवणयंत्र आणलं. चार दिवस लावलं, मग साबणाच्या डबीत ठेवून दिलं. मिक्सर लागला की पुन्हा साचेखातं सुरू होतं म्हणाले.

मी पुण्यात, घरचे बदलापूरला. साधा फोन आबांना निरुपयोगी. टेलिफोनची जुनी लाइन ३४०० हर्ट्झच्या वरचं पाठवतच नाही, म्हणजे त्यांना मदत होईल असं त्यात फारसं काही नसतंच. व्हिडिओ कॉल मात्र आवडायचा. एकदा मी दोन मीटिंगच्या मधे होतो. सवयीने कॅमेरा बंद ठेवून "आबा, नंतर करतो" म्हटलं. ते पलीकडून म्हणतायत, "आरं, त्वांड दाव की. त्वांड दाव." मी कट केला. त्यानंतर दोनदा बोललो, नीट, कॅमेरा लावून. पण आठवतो तो तेवढाच कॉल.

तेराव्यानंतर मी आणि पप्पा आबांची कागदपत्रं लावत बसलो होतो. त्यात तो ऑडिओग्राम निघाला. पप्पांनी विचारलं, हे काय आहे. मी आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच त्यांना सांगितलं, कुठली अक्षरं जातात, ओठ का लागतात. ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ब्याऐंशी सालात त्यांना किती ऐकू येत असेल रे?"

आता तपासणी २०२१ची. वयाने जातं ते वेगळं. पण आवाजाने होणारं नुकसान पहिल्या दहापंधरा वर्षांतच सर्वांत वेगाने होतं, आणि तोवर त्यांची तेवीस झाली होती. मी म्हटलं, "समोर ओठ दिसत असतील तर कळलं असेल. नाहीतर बहुतेक नाही."

पप्पांनी कागदाची नीट घडी घातली.

"अंधार होता," ते म्हणाले. "आणि मी रस्त्याकडे तोंड करून बोललो होतो. त्यांच्याकडे बघून बोलायची हिंमत नव्हती."