एक तारीख, तीन आठवणी



आज ६ डिसेंबर. ही सभा दुसऱ्या दिवशी घ्या, असं वस्तीतल्या काहीजणींनी सुचवलं होतं. कुणाला दादरला चैत्यभूमीवर जायचं होतं. कुणाच्या घरी या दिवशी अजूनही बायकामुलींना लांब जाऊ देत नाहीत. गल्ली एक, तारीख एक, अर्थ दोन.

१९५६ साली या दिवशी बाबासाहेब गेले. हिंदू कोड बिल रखडलं म्हणूनही १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं होतं. १९९२ साली याच दिवशी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर मुंबई दोनदा पेटली, डिसेंबरात आणि जानेवारीत. आणि १९८९ साली याच दिवशी कॅनडात, माँट्रियलच्या इंजिनियरिंग कॉलेजात, एका बंदूकधाऱ्याने वर्गातले मुलगे बाहेर काढले आणि स्त्रीवाद्यांचा द्वेष करतो म्हणत मुलींवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी तिथे १४ जणी मारल्या गेल्या. १९९१ पासून कॅनडात हा दिवस स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध पाळला जातो.

तारखा जुळल्या हा योगायोग. तिन्ही घटना सारख्याच, असं मी म्हणत नाही. पण कुणाचं दुःख मोठं, हा वाद आपण घालायचा नाही. चैत्यभूमीवरून आलेलीने शेजारणीचं दार वाजवावं, तिची भीती ऐकावी. शेजारणीने विचारावं, बाबासाहेब बायकांसाठी काय मागत होते?

म्हणून सभा आजच ठेवली. फक्त संध्याकाळी, आणि आपल्या गल्लीतच.