बॅटरीच्या केबलला लग दाबण्याचे हत्यार कसे निवडावे?



रात्रीचे दोन वाजलेत. पिकअपमध्ये मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या रचून झाल्या आहेत. माल पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात पोचायला हवा. तुम्ही चावी फिरवता आणि सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प बसतो. मग शेजाऱ्याला उठवा, गाडीला धक्का मारा. उशिरा पोचलेल्या पालेभाजीला काय भाव मिळतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. मुंबईचा घाऊक भाजीबाजार १९९६ साली वाशीला आला. पनवेल-उरणचा असो की जुन्नर-नाशिकचा, भाजी पिकवणारा शेतकरी या बाजाराच्या वेळेला बांधलेला आहे. तेव्हा गाडी वेळेवर चालू होणे हेही शेतीचेच काम म्हणायचे.

अशा वेळी आपण काय करतो? बॅटरीला दोष देतो आणि नवी बॅटरी आणतो. आठ दिवस बरे जातात, पुन्हा तेच रडगाणे. पुष्कळदा बॅटरी चांगली असते. दोष असतो तो बॅटरीच्या जाड केबलच्या टोकाला बसवलेल्या लगमध्ये, म्हणजे ज्याला आपण थिंबल म्हणतो त्यात. ही केबल घरी बांधता येते. पण लग दाबायला हत्यार कोणते घ्यायचे, तिथे माणूस चुकतो. आज त्याचीच माहिती घेऊ.

आधी थोडा हिशेब पाहू. सेल्फ फिरताना छोट्या डिझेल गाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये २०० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त प्रवाह वाहतो. ३५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या एक मीटर केबलमध्ये २०० अँपिअरला साधारण ०.११ व्होल्टच खर्ची पडतो. म्हणजे केबल फारसे खात नाही. पण लग सैल दाबला असेल, तर तो एकटा जोड एक व्होल्ट खाऊ शकतो. २०० अँपिअर गुणिले एक व्होल्ट म्हणजे २०० वॅट. एवढी उष्णता त्या अंगठ्याएवढ्या जागेत तयार होते. जोड तापतो, तांबे काळे पडते, जोड आणखी सैल होतो. बॅटरीचे मूळचे बारा व्होल्ट, सेल्फ फिरताना उरतात दहाच्या आसपास, आणि त्यातला एक व्होल्ट वाटेतच गेला तर सेल्फला जोर कुठून येणार?

आपल्या खाडीकाठच्या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. हवा खारी, पावसाळा चार महिन्यांचा. लगच्या नळीत पोकळी राहिली की ओल आत शिरते आणि हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते. वरून लग ठणठणीत दिसतो, आतून पोखरलेला असतो.

आता चांगला जोड म्हणजे काय? तांब्याच्या तारांचा झुबका आणि लगची नळी यांना चहूबाजूंनी इतके दाबायचे, की मधली हवा निघून जाऊन सगळे एकजीव व्हावे. नुसते चेपणे आणि असे दाबणे यांत फरक आहे. माती हाताने थापणे आणि विटेच्या साच्यात भरून दाबणे यांत जो फरक आहे, तसाच.

हत्यारांचे चार प्रकार तुम्हाला बाजारात दिसतील.

पहिला प्रकार, दिव्याच्या वायरीची छोटी क्रिम्पिंग पक्कड. ती साधारण ६ चौरस मिलिमीटरपर्यंतच्या बारीक वायरीसाठी ठीक. बॅटरीच्या केबलला ती चालत नाही. साधी पक्कड, व्हाइस किंवा नुसती हातोडी यांनी नळी चपटी होते, पण कडेला पोकळी राहते. तो मार्ग धरूच नका.

दुसरा, ठोकायचे क्रिम्पर. खाली खाचेचा ठोकळा आणि वर खिळा. वरून घण मारला की खिळा नळीत रुततो. हे स्वस्त असते, तेल-पाण्याची कटकट नाही. पण ते ऐरणीवर किंवा जाड लोखंडावर ठेवूनच वापरावे. मातीवर वा लाकडी फळीवर ठेवले तर घणाचा जोर खालीच मुरतो. दाब किती बसला हे तुमच्या हातावर अवलंबून. कमी बसला तर जोड सैल, जास्त बसला तर नळी फाटते. वर्षातून एखादी केबल, तीही सराव करून, एवढ्यापुरते हे ठीक आहे.

तिसरा, लांब दांड्यांचे हाताने दाबायचे क्रिम्पर. दांडे हातभर किंवा त्याहून लांब, आणि जबड्यात वेगवेगळ्या मापांच्या खाचा. काहींत खाचांची चकती फिरवून माप बदलता येते. यात तेल नाही, सील नाही, बिघडण्यासारखे थोडेच. ट्रॅक्टर आणि पिकअपला लागणाऱ्या २५ ते ५० चौरस मिलिमीटरच्या केबलसाठी शेतकऱ्याला हे बहुधा सोयीचे पडते. मात्र ५० च्या पुढे दोन्ही हातांचा जोर पुरत नाही.

चौथा, हायड्रॉलिक क्रिम्पर. दांडा पंपासारखा हलवला की तेलाच्या दाबाने साचे मिटतात आणि षटकोनी दाब बसतो. जाड केबलला यासारखे दुसरे नाही. पण हलक्या प्रतीच्या हत्याराचे सील गळतात, मग दांडा हलतो आणि साचे मिटत नाहीत. विकत घेताना दुकानातच तुमचा लग दाबून पाहा. साचे एकमेकांना पूर्ण टेकले पाहिजेत. आणि साच्याजवळ बोट नेऊ नका. तो जबडा हाडाचीही पर्वा करत नाही.

आता आजची मुख्य गोष्ट, तेवढी नीट ऐका. हत्यार किती टनांचे, यापेक्षा साचा, लग आणि केबल या तिघांचा मेळ महत्त्वाचा. साच्यावर ३५ लिहिले म्हणजे ३५ च्या कोणत्याही लगला तो बसेलच असे नाही, कारण एकाच्या लगची नळी जाड असते तर दुसऱ्याची पातळ. साचा मोठा झाला तर जोड सैल राहतो. लहान झाला तर नळीच्या दोन्ही कडांना पंख फुटतात आणि तारा तुटतात. म्हणून हत्यार घ्यायला जाताना केबलचा तुकडा आणि लग बरोबर न्या. दोन लग जादा घ्या, ते परीक्षेसाठी.

ही परीक्षा सोपी आहे. एक लग तुकड्यावर दाबा आणि जिथे दाबला तिथे करवतीने आडवा कापा. कापलेली बाजू कानशीने साफ करून पाहा. तारा मधमाशीच्या पोळ्यासारख्या एकमेकींना चिकटून भरगच्च दिसल्या तर हत्यार पास. मध्ये काळी भोके दिसली तर नापास, मग त्याची किंमत काहीही असो.

सामान घेतानाही डोळे उघडे ठेवा. केबल बारीक तारांची, लवचिक आणि तांब्याचीच हवी. काही केबल वरून तांबे आणि आतून ॲल्युमिनियम अशी असते. एक तार चाकूने खरवडा. आत पांढरी निघाली तर परत करा. लग कल्हई केलेल्या तांब्याचा घ्या. पंपाच्या केबलला वापरतात तो ॲल्युमिनियमचा लग इथे नको; तांबे, ॲल्युमिनियम आणि ओल एकत्र आली की गंज धरतो. लगवर ३५-८ किंवा ३५-१० असे आकडे असतात. पहिला केबलचा, दुसरा बोल्टचा. नवी केबल जुनीपेक्षा बारीक कधीही घेऊ नका.

आता कामाची रीत. गाडी बंद करा. हातातली अंगठी-कडे काढून ठेवा. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून विडी-काडी दूर. आधी ऋण टोक सोडा, मग धन. परत जोडताना आधी धन, शेवटी ऋण. नव्या गाडीत ऋण टोकावर यंत्र बसवलेले असेल तर गाडीसोबतचे पुस्तक पाहा, किंवा ते काम जाणकाराकडे द्या.

केबलचे आवरण नळीच्या लांबीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त सोला. एकही तार तुटू देऊ नका. नळीत तारा मावत नाहीत म्हणून चार तारा छाटायच्या, हे तर मुळीच करू नका. लग मोठा आणा. गरम केल्यावर आवळणारी नळी आधीच केबलवर सरकवून ठेवा, नाहीतर मागाहून आठवते! तारा नळीच्या तळापर्यंत घाला. पहिला दाब लगच्या चपट्या जिभेकडे आणि दुसरा त्याच्या शेजारी, केबलच्या बाजूला द्या. मग आवळनळी गरम करून घट्ट बसवा. आत डिंक असलेली मिळाली तर उत्तम, ओल आत जात नाही. टर्मिनल घासून, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा.

काही मंडळी विचारतात, "कथील ओतून डाख दिला तर?" डाखाने वीज वाहते, पण कथील तारांमध्ये वर चढते आणि केबल तिथे काडीसारखी ताठ होते. गाडीच्या हादऱ्याने तारा नेमक्या त्याच जागी तुटतात. शिवाय साधा डाख १८३ अंशांना मऊ पडू लागतो. दाब बरोबर असेल तर डाखाची गरज नाही. दाब चुकला असेल तर डाख तो झाकतो, सुधारत नाही.

शेवटी तपासणी. जोड हाताने जोरात ओढून पाहा. मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरे सेल्फच्या बोल्टवर धरा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. हात आणि मीटरच्या वायरी पंख्यापासून लांब. सेल्फ फिरताना मीटर अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वाटेत कुठेतरी गळती आहे. मग एकेका जोडावर तसेच मोजा. एकाच जोडावर ०.१ व्होल्टच्या फार वर आकडा दिसला, की चोर सापडला. अशीच तपासणी ऋण बाजूच्या, म्हणजे बॉडी अर्थच्या केबलची करा. तिला आपण नेहमी विसरतो.

मग हत्यार विकत घ्यावे का? एकच गाडी आणि एकच केबल असेल तर घेऊ नका. जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, पण वर सांगितलेली करवतीची आणि मीटरची परीक्षा विसरू नका. गावात पाच-सात ट्रॅक्टर-पिकअप असतील तर बचत गटाने मिळून लांब दांड्यांचे एक चांगले क्रिम्पर घ्यावे, आणि त्याच्या पेटीत कोणत्या साच्याला कोणता लग बसतो ते कागदावर लिहून ठेवावे. फवारणीचा पंप आपण एकमेकांना देतोच ना? मग हेही तसेच.

पावसाळ्याआधी एकदा मीटर लावून पाहा. दहा मिनिटांचे काम आहे, आणि रात्री दोनला शेजाऱ्याला उठवायची वेळ येणार नाही.