नाव नीट वाचा, मग बग शोधा

मागच्या महिन्यात मी दोन रात्री एक बग शोधत होतो. कोड दहा वेळा तपासला. शेवटी कळलं, कोड बरोबरच होता. मीच चुकीच्या डेटाबेसवर टेस्ट करत होतो. दोन्हींच्या नावात एका अक्षराचा फरक! टीमसमोर चूक कबूल केली. नंतर एका माशाची गोष्ट वाचली आणि जरा बरं वाटलं.

मासा म्हणजे सी रॉबिन. आज बोलतोय ते अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या दोन जातींबद्दल. पंखांसारखे पसरणारे मोठे पर, आणि खाली दोन्ही बाजूंना तीन-तीन पाय. हे पाय म्हणजे पराचेच सुटे झालेले काटे. त्यांवर हा मासा समुद्राच्या तळाशी चक्क चालतो.

हार्वर्डच्या संशोधकांकडचे सी रॉबिन वाळूत पुरलेलं खाद्य पायांनी चव घेऊन हुडकायचे, उकरून काढायचे. मग नवे मासे आणले, तर ते उकरायलाच तयार नाहीत! प्रयोग फसला का? नाही. मासेच दुसऱ्या जातीचे होते.

पहिले प्रायोनोटस कॅरोलिनस. त्यांचे पाय फावड्यासारखे, वर चव घेणारे बारीक उंचवटे. दुसरे प्रायोनोटस इव्होलन्स. त्यांचे पाय काडीसारखे, उंचवटे नाहीत. चुकून आलेल्या त्या माशांमुळे तुलना करता आली आणि २०२४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

आता नावांची गंमत बघा. कार्ल लिनियसने १७६६ मध्ये एकाला ट्रिग्ला इव्होलन्स म्हटलं, १७७१ मध्ये दुसऱ्याला ट्रिग्ला कॅरोलिना. पुढे १८०१ मध्ये लासेपेदने प्रायोनोटस ही प्रजाती मांडली. ग्रीकमध्ये अर्थ साधारण ‘करवतपाठ्या’. हे दोन्ही मासे आज तिच्यात आहेत. ट्रिग्ला स्त्रीलिंगी, प्रायोनोटस पुल्लिंगी. म्हणून कॅरोलिनाचं कॅरोलिनस झालं, आपल्या ‘काळी’चं ‘काळा’ होतं तसं. इव्होलन्स मात्र तसंच राहिलं, आपल्या ‘सुंदर’सारखं.

आणि आजही पूर्ण नाव लिहिताना लिनियस व साल कंसात लिहितात. त्या कंसाचा अर्थ एवढाच: जात यानेच पहिल्यांदा नोंदवली, पण तेव्हा ती दुसऱ्या प्रजातीत होती. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीची व्हर्जन हिस्टरी एका कंसात! जुनं नाव पुसलं नाही, नवं लावलं आणि मूळ माणसाचं श्रेयही ठेवलं.

आम्ही इंजिनियर नावं घाईत ठेवतो. ‘फायनल’, ‘फायनल टू’, ‘न्यू फायनल’. मीही तेच करायचो. आता डेटाबेसची नावं बदलली आहेत, आणि काही बिघडलं की कोड उघडण्याआधी स्वतःला विचारतो: अरे, समोर मासा नक्की कुठला आहे?

तुमचा असा घोटाळा कधी झालाय का? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!