माणसांचा घसारा
(परिचारिका दिनानिमित्त १२ मे रोजी रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी सेवेचे गुणगान करण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. परंतु आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमची हयात जमाखर्च मांडण्यात गेली. म्हणून आज एका राहून गेलेल्या नोंदीविषयी बोलण्याची अनुमती मागतो.

आपल्या ताळेबंदात क्ष-किरण यंत्राचा घसारा दरवर्षी न चुकता दाखविला जातो. यंत्र झिजते, हे आपण आधीच मान्य केलेले असते. मात्र ज्या हातांनी ते यंत्र चालते, त्या हातांची झीज कोणत्याही रकान्यात येत नाही.

या झिजेला 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात तिची व्याख्या केली. त्या व्याख्येनुसार हा रोग नव्हे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण वेळीच न हाताळल्याचा तो परिणाम आहे. तिची लक्षणे तीन: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी येणारी अलिप्तता वा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे.

ही लक्षणे आम्ही डोळ्यांनी पाहिली, पण ओळखली नाहीत. काही वर्षांपूर्वी सहकारी रजेवर असल्यामुळे आमच्या एका परिचारिका भगिनींनी लागोपाठ अनेक रात्रपाळ्या केल्या. त्याबद्दल शाल-श्रीफळ देऊन आम्ही त्यांचा सत्कारही केला. पुढे एका पहाटे एका रुग्णाचे इंजेक्शन दुसऱ्याच खाटेपाशी नेले गेले. नातेवाइकाने वेळीच नाव विचारले म्हणून अनर्थ टळला. त्या भगिनी आम्हांस एवढेच म्हणाल्या, "साहेब, मला आता कशाचंच काही वाटत नाही." थोड्याच दिवसांत त्यांचा राजीनामा आला. आम्ही तो प्रकार त्यांचा निष्काळजीपणा म्हणून नोंदविला. आज वाटते, ती रक्कम चुकीच्या खात्यावर पडली; ती आमच्या नावे पडावयास हवी होती. ड्यूटीचा तक्ता आमच्याच सहीने निघत होता.

आपल्या वडनेर भोलजीवरून राष्ट्रीय महामार्ग जातो. रात्रीच्या अपघातांचे दुःख या परिसराला नवे नाही. २९ जुलै २०२३ च्या पहाटे मलकापुरात दोन प्रवासी बसगाड्यांची झालेली धडक आपण विसरलेलो नाही. प्रवासाला निघताना आपण विचारतो, "चालकाची झोप झाली आहे ना?" मोटार परिवहन कामगारांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९६१ च्या कायद्याने घातली होती. मात्र त्या अपघातातील जखमीला रात्री सलाईन लावणाऱ्या सिस्टरची झोप झाली आहे काय, हे कोणी विचारीत नाही.

सेवाभाव असला की थकवा येत नाही, असे काहींना वाटते. त्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे स्मरण करावे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. हे अलौकिक कार्य एकट्या व्यक्तीच्या खांद्यावर नव्हते. एक पिढी निवृत्त झाली, तिने ते दुसरीच्या हाती सोपविले. सेवा वाटून घेतली म्हणूनच ती टिकली.

याच विचाराने आम्ही काही नियम केले आहेत. कोणासही लागोपाठ दोन पाळ्या दिल्या जाणार नाहीत. रात्रपाळ्यांच्या फेरीनंतर पूर्ण दिवसाची सुटी मिळेल. मृत्यूचा वा गंभीर अपघाताचा प्रसंग हाताळल्यावर त्या कर्मचाऱ्यास थोडा वेळ बसून ज्येष्ठांशी बोलता येईल. औषध देताना चूक होता होता टळली, तर ती सांगणाऱ्यास शिक्षा होणार नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांना आमची विनंती आहे: आपली काळजी आम्हांस समजते. तक्रार असेल तर ती प्रथम आमच्या कार्यालयात आणावी; तिचे उत्तर देणे हे आमचे काम आहे, सिस्टरचे नव्हे. रुग्णालयातील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. परंतु तो वापरण्याची वेळच येऊ नये, ही आमची इच्छा.

देणगीदारांना विनंती थोडी अवघड आहे. नव्या यंत्रावर आपल्या आईवडिलांच्या नावाची पाटी शोभून दिसते. बदली परिचारिकेच्या वेतनावर पाटी लावता येत नाही. विश्रांतीच्या खोलीतील दोन खाटा कोणास दाखविता येत नाहीत. तरीही वरील नियम कागदावर राहू नयेत, यासाठी आम्ही नेमके तेच मागत आहोत. रजेवर गेलेल्या सिस्टरच्या जागी दुसरी उभी राहिली नाही, तर आमचा प्रत्येक नियम पहिल्याच आजारपणात मोडेल.

पुढील अहवालात यंत्रांच्या घसाऱ्याशेजारी माणसांच्या विश्रांतीची तरतूद अशी एक ओळ छापली जावी, आणि तीत शून्य नसावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.