प्रवेशाचा अदमास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर सांगलीचे. उभा जन्म वाणिज्य शिकविण्यात गेला. त्यामुळे मूल बारावीला गेले की दोन्ही गावांतल्या आया माझ्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "बाई, आमच्या मुलीला व्यवस्थापनाच्या चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळेल का हो?" या प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर कोणी देऊ नये. अदमास मात्र बांधता येतो, आणि पंगतीला किती तांदूळ लागतील हे नजरेने सांगणाऱ्या आपणां बायकांना अदमास का शिकवावा लागतो?

व्यापार-उदीम आपल्या भागाला परका नाही. १९१० साली माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. सांगलीची हळदपेठ देशभर नावाजलेली आहे. वाणिज्याचे शिक्षण मात्र हळूहळू जवळ आले. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ चे, पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ चे, आणि आपल्या सांगलीचे चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालय १९६० चे. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय आहे. पूर्वी बारावीचे गुण घेऊन कॉलेजच्या खिडकीशी गेले की काम होई. आता दारे दोन झाली आहेत, एक अरुंद आणि एक रुंद, आणि दोन्हींचा हिशेब वेगळा आहे.

आधी अरुंद दाराचे सांगते. इंदूरच्या आयआयएमने २०११ साली बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे रोहतक, रांची, जम्मू, बोधगया येथील संस्थांनीही तो धरला. इंदूरला जागा सुमारे दीडशे. तेथे बारावीचे गुण मुख्यतः पात्रतेपुरते. निवड होते ती प्रवेशपरीक्षेवर आणि मुलाखतीवर. दिल्लीच्या शहीद सुखदेव कॉलेजातही २०२२ पासून सीयूईटी या परीक्षेवरून प्रवेश होतात. म्हणून बारावीला नव्वद टक्के मिळाले की झाले, ही समजूत मनातून काढून टाकावी.

दुसरी समजूत पर्सेंटाइलची. मुलगी सांगते, "आई, मला पंचाण्णव पर्सेंटाइल!" आई पेढे आणते. पण पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत. शंभरांतली पंचाण्णव मुले आपल्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. समजा, परीक्षेला पंचवीस हजार मुले बसली, तर पाच टक्के म्हणजे साडेबाराशे मुले अजून आपल्या पुढे उभी आहेत. जागा दीडशे, आणि त्याही प्रवर्गांत वाटलेल्या. मागे किती आहेत हे न मोजता पुढे किती आहेत हे मोजावे. त्या संस्थेची मागील दोन-तीन वर्षांची शेवटची निवडयादी आपल्या प्रवर्गात कोठे थांबली, ते पाहावे. खरा अदमास तोच.

प्रवर्गाचे म्हणाल तर येथे पुष्कळ घरे फसतात. केंद्रीय संस्थांत इतर मागासवर्गाचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. २०२४ साली राज्याने मराठा समाजाला दिलेले दहा टक्के एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू नाही. परीक्षा उत्तम देऊन दाखल्यापायी जागा जावी, यासारखे दुःख नाही. तेव्हा परीक्षेच्या आधी दाखला, हा क्रम ठेवा.

आमच्या शेजारी एक मुलगी होती. वडील हळदीच्या अडतीवर दिवाणजी. कोणीतरी सांगितले, लाखभर रुपये भरून शिकवणी लावा, जागा हमखास. तिची आई माझ्याकडे आली. मी म्हटले, "वहिनी, पैसे भरण्याआधी एक करू." मुलीला माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसविले, घड्याळ लावले आणि इंदूरची जुनी प्रश्नपत्रिका पुढे ठेवली. त्यात तीन भाग, प्रत्येकाला चाळीस मिनिटे, आणि एका भागातला उरलेला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. इंग्रजी तिने झपाट्याने सोडविले. पर्याय न दिलेल्या गणितांशी मात्र अडखळली. आठ दिवसांनी दुसरी प्रश्नपत्रिका, तरी तेच. अदमास स्पष्ट झाला. त्या परीक्षेचा अर्ज तिने भरला, कारण आशा सोडू नये. पण लाख रुपये घरातच राहिले आणि लक्ष दुसऱ्या दाराकडे वळले.

ते रुंद दार आपल्या राज्याचे. बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांना सीईटी लागू झाली. पहिल्या वर्षी कित्येक मुलांना याचा पत्ताच नव्हता. परीक्षेला बसलेल्यांपेक्षा जागा अधिक, म्हणून सीईटी पुन्हा घ्यावी लागली, तरी जागा रिकाम्या राहिल्या. म्हणजे नामांकित चार कॉलेजे सोडली, तर येथे भीती नकाराची नाही. वेळेवर अर्ज न भरण्याची आहे. बारावीच्या अभ्यासाच्या गर्दीतच त्या अर्जाची मुदत येते आणि निघून जाते. निकालानंतर जागी होणारी आई उशिरा जागी होते.

त्या मुलीला इंदूर मिळाले नाही. सीईटीच्या गुणांवर पुण्यात बीबीएला जागा मिळाली. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, एसईबीसी व इतर मागासवर्गातील मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. तो तिला लागू पडला. वसतिगृह आणि खाणावळ मात्र घरच्या खर्चाने. त्याचाही अदमास आधी बांधावा, अंथरूण पाहून पाय पसरावेत.

भगिनींनो, काही आया मला विचारतात, "मुलगी पुण्याला पाठविण्यापेक्षा येथेच बी. कॉम. केले तर?" जरूर करावे. सांगली-साताऱ्याच्या बी. कॉम.ला कमी लेखू नका. पुढे सनदी लेखापाल होण्याची अथवा एमबीएची वाट तेथूनही जाते. पण मुलगी येथे राहावी ती तिच्या पसंतीने. अर्ज भरायचा राहिला म्हणून नव्हे. मुलाकरिता पाच अर्ज आणि मुलीकरिता एक, हा पंक्तिप्रपंच ज्या घरात होतो, तेथे तिची संधी परीक्षेआधीच निम्मी होते.

म्हणून माझी एक सूचना आहे. दर वर्षी दिवाळीनंतर मंडळाने बारावीच्या मुलींना व त्यांच्या आयांना एका दुपारी बोलवावे. प्रत्येकीच्या वहीत तीन रकाने आखावेत : एक जागा अवघड, दोन बरोबरीच्या, एक खात्रीची, आणि प्रत्येकीपुढे अर्जाची मुदत, लागणारा दाखला व वर्षाचा खर्च लिहावा. घड्याळ लावून प्रश्नपत्रिका सोडवून घेण्याचे काम मी आनंदाने करीन. मंडळाचा हॉल, चार सतरंज्या आणि चहा एवढेच पुरे.